अपाची सर्व्हर लिहिणाऱ्या आठ जणांस

सप्रेम नमस्कार.

ब्रायन बेहलेनडॉर्फ, रॉय फील्डिंग, रॉब हार्टिल, डेव्हिड रॉबिन्सन, क्लिफ स्कोल्निक, रँडी टर्बुश, रॉबर्ट थाऊ आणि अँड्र्यू विल्सन, हे पत्र तुम्हा आठही जणांना. डॉटकॉमच्या पहिल्या लाटेत वेबवर ज्यांनी धंदा उभा केला, त्यांतल्या कितीतरी जणांचं दुकान तुमच्या सर्व्हरवर, म्हणजे ब्राउझरने मागितलेलं पान पोहोचवणाऱ्या प्रोग्रामवर, उभं होतं. तुमचे आभार तोंडदेखले मानून भागणार नाही.

आधी पैशांचं. १९९४ च्या शेवटी नेटस्केपचा कार्डपेमेंट घेऊ शकणारा सर्व्हर ५,००० डॉलरला होता, साधा १,४९५ ला. फुकटात मिळणारा एनसीएसए या अमेरिकी संशोधन संस्थेचा सर्व्हर होता, पण तो लिहिणारे रॉब मॅकूल संस्था सोडून गेले आणि चुका दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही. जो तो आपापली ठिगळं, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, लावत होता. तुम्ही ती ठिगळं गोळा केलीत, तपासलीत आणि एप्रिल १९९५ मध्ये सगळ्यांना वाटून टाकलीत. वर्षभरात, कोणत्या साइटवर कोणता सर्व्हर आहे हे मोजणाऱ्या नेटक्राफ्टच्या मोजणीत तुमचा सर्व्हर पहिला आला.

थाऊसाहेब, तुमचे वेगळे आभार. एनसीएसए १.३ प्रत्येक मागणीला नवी प्रोसेस, म्हणजे सर्व्हरची आणखी एक चालती प्रत, जन्माला घालायचा. गर्दी झाली की मशीनचा निम्मा जीव त्यातच जायचा. तुम्ही मांडणीच बदललीत. प्रोसेस आधीच तयार ठेवायच्या, एकीचं काम संपलं की तीच पुढच्या गिऱ्हाइकाला. एका मागणीसाठी घेतलेली मेमरी एका ठिकाणी धरायची आणि काम होताच सगळी सोडायची, म्हणजे मॉड्यूल (सर्व्हरला जोडायचा भाग) लिहिणाऱ्याकडून सोडायची राहिलेली मेमरी साठत जात नाही.

या मांडणीमुळे गर्दीचं गणित कागदावर करता येऊ लागलं, आणि छोट्या धंद्याला सर्वांत मोठा उपयोग झाला तो याचाच. समजा १२८ एमबीचं मशीन आहे. सिस्टीम आणि डेटाबेसला ४० बाजूला काढले, ८८ उरले. मॉडपर्ल, म्हणजे सर्व्हरच्या आतच पर्ल प्रोग्राम चालवणारं मॉड्यूल, घातलेली प्रोसेस ८ एमबी खात असेल तर मॅक्सक्लायंट्स, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा, ११ च्या वर न्यायचं नाही. १५० हा मूळ आकडा तसाच ठेवला की मशीन मेमरीत न मावणारं डिस्कवर टाकू (स्वॅप करू) लागतं, पान यायला वेळ लागतो, वैतागलेलं गिऱ्हाईक रीलोड दाबतं आणि प्रोसेस आणखी वाढतात. मेमरी पुरेशी असूनही साइट बसली, असं वाटायचं तेव्हा बहुधा हेच झालेलं असायचं.

पण ११ प्रोसेस पुरणार कशा? २८.८ च्या मोडेमवर ६० केबीचं पान उतरायला १७ सेकंद लागतात, तेवढा वेळ ८ एमबीची प्रोसेस नुसती बादली धरून उभी. म्हणून पुढे एक साधा, हलका अपाची ठेवायचा. चित्रं त्यानेच द्यायची आणि हिशेबाचं काम तेवढं मागच्या ८०८० पोर्टवरच्या जड अपाचीकडे पाठवायचं. मागच्यावर कीपअलाइव्ह (पुढच्या मागणीसाठी जोडणी उघडी ठेवणं) बंद, पुढच्यावर १५ सेकंदांऐवजी तीन-चार. प्रत्येक मागणीला आयपी पत्त्याचं नाव शोधणारं होस्टनेमलुकअप्स बंद, ती नावं नंतर लॉगमधून शोधायला रात्री लॉगरिझॉल्व्ह हा प्रोग्राम आहेच. या सगळ्यासाठी नवं मशीन लागत नाही, कॉन्फिगच्या पाच-सहा ओळी लागतात.

फील्डिंगसाहेब, एचटीटीपी १.१, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांतल्या, होस्ट या एका ओळीने किती जणांचं पोट भरलं! पूर्वी ब्राउझर फक्त पानाचा पत्ता सांगायचा, कोणत्या डोमेनचं ते सांगायचाच नाही. म्हणजे दर डोमेनला वेगळा आयपी. होस्ट आलं आणि अपाची १.१ पासून एकाच आयपीवर कितीही साइट्स बसू लागल्या. साइट ठेवायची भाड्याची जागा त्यामुळेच स्वस्त झाली, आणि आपली साइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या लहान कंपन्यांनाही ती परवडू लागली. एक खबरदारी मात्र घ्यावी लागे. जुने ब्राउझर ही ओळ पाठवत नसत आणि त्यांना यादीतली पहिली साइट दिसे. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात! म्हणून पहिल्या जागी सगळ्यांच्या दुव्यांचं साधं पान ठेवायचं.

लॉगबद्दल तुम्ही कागदपत्रांत जे लिहून ठेवलंत, त्याचेही आभार. अ‍ॅक्सेस लॉगचं, म्हणजे प्रत्येक मागणीची नोंद असलेल्या फाइलीचं, नाव बदललं तरी चालू प्रोसेस त्याच जुन्या फाइलीत लिहीत राहतात. नवी फाइल उघडायला सांगणारा यूएसआर१ सिग्नल दिल्यावरही हातातली कामं संपेपर्यंत थांबायचं आणि मगच जुनी फाइल जीझिपने आवळायची, नाहीतर मधल्या नोंदी जातात. जाहिरातींचे पैसे त्या नोंदी मोजूनच मिळत. एकेका ओळीला किंमत होती.

आणि सोर्स उघडा ठेवलात त्याबद्दल. रात्री दोनला सर्व्हर पडला की कोणाच्या उत्तराची वाट बघायची नाही, सी फाइल उघडायची आणि ओळ सापडेपर्यंत वाचायची, हे तुमच्यामुळे शक्य झालं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले ऋणी,
त्या काळी वेबवर दुकानं मांडलेले आम्ही सगळे