कोट्यधीशांची भांडणं

कोथरूड, पुणे

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "लाखांनी घेणाऱ्यांचा पगार दोन महिने थकला तर काय चूल विझते का त्यांची?" तेव्हा मी काही बोललो नाही. फोनवर तू आवाज चढवतोस आणि पुढचं कोणाचं काही ऐकत नाहीस. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचतोस, हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे.

विषय फुटबॉलवाल्यांचा होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा मोसम होणार की नाही, हेच कोणाला सांगता येईना. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपणार होता आणि नव्याचं काही जुळत नव्हतं. मग बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले, इतर क्लबांनीही हात आखडते घेतले. यात खेळाडूंचा काय दोष होता? भांडण वरच्यांचं आणि पगार खालच्यांचा गेला. पुण्याला हे नवीन नाही. बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने व्हायचे. 2019 मध्ये तो क्लब गुंडाळला आणि त्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. पुढे 2023-24 मध्ये तिथे पगार थकले आणि खेळाडू एकेक करून निघून गेले.

दुसरं कोणी हे बोललं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण तू? पिंपरीत तुमचा संप चालू होता तेव्हा आमच्या पेठेतले लोक म्हणायचे, "चांगला पगार आहे, कँटीन आहे, बस आहे, आता यांना काय धाड भरलीय?" ते ऐकून तू किती पेटायचास! गेटसभेत तू सांगायचास की आम्हाला किती मिळतं ते विचारू नका, आम्ही केलेल्या मालावर कंपनीला किती मिळतं ते विचारा. तेच गणित मी आता तुझ्यापुढे मांडतोय.

आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटींना गेले. म्हणजे वर्षाला साधारण 9,700 कोटी. 2025 च्या मोसमात दहा संघांना खेळाडूंवर खर्च करायला प्रत्येकी 120 कोटींची मर्यादा होती, म्हणजे सगळे मिळून 1,200 कोटी. सामन्याचं मानधन वेगळं धरलं तरी खेळाडूंकडे येतो तो नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशांतला सातवा-आठवा हिस्सा. तिकिटं, जर्सीवरच्या जाहिराती मी अजून मोजलेल्याच नाहीत. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंना उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा मिळतो, कारण तिथे त्यांची युनियन आहे. आपल्याकडे सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची युनियनच नाही. 2019 मध्ये संघटना झाली ती निवृत्तांची. लिलावात कोणाला 18 कोटी मिळाले की आपण तोंडात बोट घालतो. त्याने 18 ऐवजी 8 घेतले असते तर उरलेले 10 तुझ्या-माझ्या तिकिटात कमी झाले असते का? ते मालकाच्या खिशात राहिले असते. आणि मालकाला किती उरले याची बातमी कोणी पहिल्या पानावर छापत नाही.

तिकडे मालकही काही कमी नाहीत. 2004-05 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या मालकांनी टाळेबंदी केली आणि अख्खा मोसम बुडवला. टाळेबंदी म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. टाळं मालकाने लावलं, तरी चिडलेले प्रेक्षक खेळाडूंनाही हावरट म्हणत होतेच.

2014 चा ऑक्टोबर आठवतो? वेस्ट इंडीजचा संघ धरमशालेची वनडे खेळून दौरा अर्धवट टाकून परत गेला. त्यांचं म्हणणं होतं की त्यांच्याच संघटनेने त्यांना न विचारता बोर्डाशी करार केला आणि त्यात त्यांचं मानधन घटलं. युनियनने परस्पर सही करणं हे दुखणं तुझ्याइतकं कोणाला कळणार! आपण मात्र तेव्हा "पळपुटे" म्हणून मोकळे झालो. रिकाम्या तारखा भरायला श्रीलंकेला घाईघाईने बोलावलं आणि त्याच मालिकेत कोलकात्याला रोहितने 264 मारले. त्या 264 चं कौतुक तू अजून करतोस. ते त्या संपाच्या पोटातून आलेत, हे तुझ्या लक्षात असावं म्हणून लिहिलं.

खरी गोष्ट 2017 ची, ऑस्ट्रेलियाची. तिथे बोर्डाच्या उत्पन्नात खेळाडूंना वाटा द्यायची पद्धत वीसेक वर्षं चालू होती. बोर्डाने नवा प्रस्ताव आणला: वरच्या खेळाडूंना वाटा राहील, राज्यांकडून खेळणाऱ्यांना मात्र ठरावीक रक्कम. स्मिथ-वॉर्नरचं त्यात काहीच बिघडत नव्हतं. पण त्यांनी सही केली नाही. 30 जूनला जुना करार संपला आणि सुमारे 230 खेळाडू बेकार झाले. ऑस्ट्रेलिया 'अ' संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला तडजोड झाली, वाट्याची पद्धत टिकली आणि बायकांचा संघ पहिल्यांदाच त्याच करारात आला. कायम कामगारांनी कंत्राटी पोरांसाठी काम बंद ठेवलं, असं तुमच्या कंपनीत किती वेळा झालं? रागावू नकोस, खरंच विचारतोय. 2019 मध्ये बांगलादेशच्या खेळाडूंनी संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत मैदानावरच्या माळ्यांचा पगार वाढवा, हीसुद्धा एक होती.

आपल्याकडे कसं चालतं बघ. 2021 मध्ये बोर्डाने देशांतर्गत क्रिकेटचं मानधन वाढवलं. पुरुषांना दिवसाला कमीत कमी 40,000, बायकांना दिवसाला 20,000. नोव्हेंबर 2025 मध्ये पोरींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला आणि डिसेंबरात त्यांचे दिवसाला 50,000 पर्यंत झाले. चांगलंच झालं. पण बोर्डाच्या मनात आलं म्हणून झालं. फायनल हरल्या असत्या तर?

आता सगळ्यांसाठीच माझा जीव तुटतो असं समजू नकोस. वेलचीच्या नावाखाली भलत्याच पुड्यांची जाहिरात करणाऱ्या एखाद्या महारथ्याचं जाहिरात कंपनीशी वाजलं तर मी पान उलटून शब्दकोडं सोडवायला घेतो. सहानुभूती हा शब्दच मला इथे नको वाटतो. कोट्यधीशाला माझी सहानुभूती कशाला लागते? पण भांडणात बाजू घ्यायची वेळ आली तर मी मैदानात घाम गाळणाऱ्याची घेईन, त्याचा पगार माझ्या शंभरपट असला तरी.

आणि एक. आपल्याला खेळाडू गरीब असला की फार आवडतो. तुझ्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांनी वर्गणी काढून दिली म्हणून. येताना देशासाठी ब्राँझ आणलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मरणानंतर कित्येक वर्षांनी. त्यांची गोष्ट सांगताना तुझ्या डोळ्यांत पाणी येतं, मी पाहिलंय. आजच्या पोराने तीच वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून आधीच कागदावर मागून घेतलं, तर तो तुला माजोरडा का वाटतो?

माझं एक कामही आहे तुझ्याकडे. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा कबड्डी खेळतो, डावा कॉर्नर. एका कंपनीच्या संघाकडून वर्षाच्या कराराने खेळत होता. सराव शिबिरात अँकल होल्ड करताना, म्हणजे चढाईला आलेल्याचा घोटा पकडताना, तो रेडर अंगावर पडला आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं. काल गेलो होतो तर पाय प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवून बसला होता आणि फिजिओची मुलगी शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या मोजत होती. दीड इंचाचा फरक निघाला. त्याने तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. ऑपरेशनचा खर्च कंपनी देत नाही, कारण करारात "सामन्यादरम्यान झालेली दुखापत" असं लिहिलंय आणि हे शिबिरात झालं. त्याचा बाप रिक्षा चालवतो. मुलगा मला विचारत होता, "काका, शिबिराला गेलो नसतो तर संघातून काढलं असतं ना? मग ते काम नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. तुला येईल, तू आयुष्यभर असल्याच कागदांशी झुंजलास. सहा पानी इंग्रजी करार आहे, दुखापतीचं कलम चौथ्या पानावर आहे. झेरॉक्स सोबत जोडली आहे. वाचून घे आणि पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने ये. त्याच्या बापालाही बोलावून ठेवतो. कंपनीला पत्र कसं लिहायचं ते तू सांग, इंग्रजीत मी करून देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर