बोट लागली

डुलूथ, मिनेसोटा
नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

तुझा आवाजी निरोप तीनदा ऐकला. लाँच मोडीत काढतोयस हे तू पाऊस थांबला म्हणावं तशा आवाजात सांगितलंस. "खिळे खाल्ले रे खाऱ्या पाण्यानं, एक फळी ठोकली की दुसरी सुटते," आणि लगेच डिझेलच्या भावावर गेलास. फोन करणार होतो. पण फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून पत्र.

मागे विचारलं होतंस, एवढ्या थंडीत धक्क्यावर जाऊन त्या मालबोटींत काय बघतोस म्हणून. बायको म्हणते, लोकांना बोट लागते ती बोटीत बसल्यावर, ह्याला किनाऱ्यावरच लागली. तर शनिवारचंच सांगतो.

फोनवर बोटी कुठे आहेत ते दाखवणारं ॲप आहे. पहाटे त्यात 'आर्थर एम. अँडरसन' दिसली, दोन तासांवर. थर्मासात चहा भरला, दोन टोप्या घातल्या आणि निघालो. इथलं बंदर डोंगराच्या पायथ्याशी आहे. सुपीरियर सरोवरातून आत यायला एक कालवा आहे, रुंदी तीनशे फूट, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे धक्के. त्या धक्क्यावर उभं राहिलं की बोट इतक्या जवळून जाते की खलाशाच्या हातातल्या मगातून वाफ निघताना दिसते. कालव्यावर लोखंडी पूल आहे, १९०५ सालचा. तेव्हा त्याला टांगलेला एक पाळणा माणसं, गाड्या, घोडे पलीकडे न्यायचा. १९३० च्या सुमारास पाळणा गेला आणि त्या जागी अख्खा रस्ताच लिफ्टसारखा वर चढायला लागला.

सरोवर म्हणतात, पण पलीकडचा किनारा दिसत नाही. महाराष्ट्राचा चौथा हिस्सा भरेल एवढं पाणी. पहिल्यांदा आलो तेव्हा मी बोट बुडवून चाटून पाहिलं होतं. गोडं! लाटा आपल्यासारख्याच फुटतात, पण वास नाही, आणि भरती-ओहोटी म्हणावी अशी नाहीच. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या पोराला हे पचायला वर्ष लागलं.

आणि गोड्या पाण्यामुळेच ही म्हातारी टिकली आहे. समुद्रावरची मालबोट पंचवीस-तीस वर्षांत अलंगच्या किनाऱ्यावर कापायला जाते. इथे मीठच नाही, तर लोखंड खाणार कोण? 'अल्पीना' नावाची एक बोट १९४२ सालची आहे, अजून सिमेंट वाहते. आमची अँडरसन १९५२ ची, आणि अजून वाफेवर चालते. १९७५ मध्ये तिला मधोमध कापून १२० फुटांचा तुकडा जोडला, तशी ती ७६७ फुटांची झाली. पुढे ऐंशीच्या दशकात तिच्यावर लांब दांड्याचा सरकता पट्टा बसवला, आता माल ती स्वतःच उतरवते. २०१७ पासून अडीच वर्षं इथेच नुसती बांधून ठेवली होती. सगळे म्हणाले, संपली. २०१९ च्या जुलैत परत निघाली.

धुक्यातून आधी नाक दिसलं. गंजासारखाच तांबडा रंग, त्यावर काळे-करडे तिरके पट्टे. हिची सुकाणूची खोली पार पुढे आणि इंजिन पार मागे, जुनी पद्धत. नव्या हजार-हजार फुटी बोटींना सगळं मागेच असतं. त्या मला लांबोळक्या गोदामासारख्या वाटतात, पण ते असो. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. मी 'शिप' म्हणालो तर त्यांनी लगेच दुरुस्त केलं, "बोट." इथे केवढीही मोठी असो, बोटच म्हणतात. आपल्यासारखंच. मग भोंगा झाला. तीन लांब, दोन आखूड. तो कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. पुलानंही तेच सूर परत दिले. म्हातारेबुवांनी टोपी काढली होती. का, ते मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

९ नोव्हेंबर १९७५ ला 'एडमंड फिट्झगेराल्ड' ही मालबोट ह्याच बंदराच्या पलीकडच्या काठावरून, विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावातून, २६ हजार टन लोहखनिजाच्या गोळ्या भरून निघाली. अँडरसन जवळच्या टू हार्बर्सहून निघाली आणि दोघी जोडीनं चालल्या. दुसऱ्या दिवशी वादळ. फिट्झगेराल्डचं रडार बंद पडलं, तेव्हा मागून येणारी अँडरसन तिला रेडिओवरून ठावठिकाणा सांगत होती. संध्याकाळी सात-दहाला विचारलं, कसं चाललंय? उत्तर आलं, टिकून आहोत. त्यानंतर ती रडारवर दिसलीच नाही. मदतीची हाक नाही, काही नाही. २९ माणसं. एकाचाही देह हाती लागला नाही.

पण मला तुला सांगायचंय ते पुढचं. अँडरसन कशीबशी व्हाइटफिश उपसागराच्या आडोशाला पोचली होती. तटरक्षक दलानं कॅप्टन बर्नी कूपरला विचारलं, परत जाऊन शोधाल का? आत्ता ज्यातून सुटून आलास त्यातच बोट फिरव, असा त्याचा अर्थ. कूपरला भीती वाटत होती, आणि ती त्यानं रेडिओवर लपवलीही नाही. तरी गेला. हाती लागलं ते रिकाम्या, फुटक्या जीवरक्षक होड्या आणि थोडं सामान.

आत आलेल्या नाखव्याला परत जा म्हणणं काय असतं, हे मी तुला सांगू? आपण सहावीत होतो. तुझे बाबा जेट्टीला लागले होते, दोर बांधून झाला होता, आणि खालच्या आळीतली होडी आली नाही म्हटल्यावर त्यांनी तोच दोर सोडला. तुझी आई काहीच बोलली नव्हती, नुसती कंदिलाची वात मोठी करत राहिली. माझी आजी शेजारी उभी राहून रामदास बोटीचं काढत होती, १९४७ ची, सहाशेवर माणसं गेली ती. तिला गप्प करायला कोणी धजत नव्हतं. पहाटे तुझे बाबा आले तेव्हा लाँचमध्ये त्या होडीतले दोघं होते. तिसरा नव्हता. बाबा कोणाशी न बोलता घरी जाऊन झोपले.

ती हीच लाँच ना रे? मधे इंजिन बदललंत, केबिन बदललीत, पण खालचं लाकूड तेच.

शनिवारी अँडरसन समोरून जाताना मला अमेरिका दिसत नव्हती. ती चुनखडी उतरवायला आत गेली, पूल खाली आला, गाड्या सुरू झाल्या. बोटं एवढी बधिरली होती की चहाचं झाकण उघडेना. म्हातारेबुवांनी उघडून दिलं.

डिसेंबरात मेव्हणा येतोय, त्याच्याकडे एक डबी देतो. आत त्या लोखंडाच्या गोळ्या आहेत, रेल्वेच्या रुळांजवळ सांडलेल्या, वैद्याच्या गोळ्यांएवढ्या, काळपट. आईच्या हाती लागू देऊ नकोस, ती गुडघ्यांसाठी घेईल.

आणि मोडताना पुढच्या टोकाला नाळेजवळची ती पितळेची कडी भंगारवाल्याला देऊ नकोस. मी मे महिन्यात येतोय.

तुझा,
सुऱ्या