लॅनची वायर दुरुस्त करून देणाऱ्यांचे आभार

राउटरला लॅनच्या वायरने (नेटच्या केबलने) जोडलेल्या घरच्या कॉम्प्युटरचं नेट सारखं तुटत होतं, तेव्हा वेळ काढून मदत करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. नेटचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) बदलून झाला, राउटर बंद-चालू करून झाला, फरक शून्य. मग तुमच्यापैकी एका ताईंनी विचारलं, "लिंक स्पीड किती दाखवतंय?" म्हणजे केबलवरचा वेग. तो १००० Mbps (मेगाबिट प्रति सेकंद) ऐवजी १०० दिसत होता आणि तिथेच धागा सापडला. गिगाबिटला, म्हणजे १००० च्या वेगाला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० वर चारच पुरतात. म्हणजे एखादी तार दगा देत होती.

दुकान बंद करून घरी आलेल्या दादांनी टेस्टर (प्रत्येक तारेसाठी एक दिवा असलेलं तपासणीचं यंत्र) लावला. वायर जरा हलवली की चौथा दिवा विझायचा. चौथ्या, म्हणजे निळ्या तारेला कनेक्टरची पिन नीट टोचलीच नव्हती. त्यांनी टोक कापलं, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी असा क्रम लावत तारा बोटांनी सरळ केल्या आणि नवा कनेक्टर क्रिम्प केला, म्हणजे दाबून घट्ट बसवला. पैसे काही घेतले नाहीत. दुसरं टोकही न सांगता तपासलं!

नवीन कॉम्प्युटर घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही आधी वायर बघायला लावलीत. लेकीचे ऑनलाइन क्लास आता न तुटता चालतात. दादा, ताई, खूप खूप धन्यवाद.