पंपावरील पेट्रोलमधल्या पाण्याची तपासणी ग्राहकांना दिसावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की नाशिकमधील सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या जुन्या मोटारसायकली सिग्नलला बंद पडू लागतात, चालता चालता झटके खातात आणि चोक ओढल्याशिवाय स्लोवर टिकत नाहीत. गॅरेजमध्ये पुष्कळदा ‘कार्बोरेटर (इंजिनला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग) गेला, नवा टाका’ असे सांगितले जाते. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला हा खर्च जड जातो आणि अनेकदा तो अनाठायीही ठरतो, कारण दोष टाकीतल्या पेट्रोलमध्येच असू शकतो.

सध्या पंपांवरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व जड असल्याने टाकीच्या तळाशी बसतात. रिझर्व्हवर गाडी तळातलेच इंधन ओढते, म्हणून तेव्हा ती अधिक त्रास देते. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, येणाऱ्या मिश्रणात इंधन किंचित कमी पडते. कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. जुन्या कार्बोरेटरमध्ये तशी सोय नाही.

म्हणून कार्बोरेटर बदलण्याआधी इंजिन थंड असताना, आगीपासून दूर, त्याच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे आणि ते काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले, तर टाकी आणि वाटी रिकामी करून साफ करणे हाच पहिला उपाय आहे. पेट्रोल स्वच्छ असेल आणि गाडी काही अंतर जाऊन बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच ती पुन्हा सुरू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असण्याची शक्यता मोठी. स्पार्क प्लग काळा काजळलेला निघाला तर एअर फिल्टर पाहावा, पांढरट निघाला तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला तडे गेलेत का, ते पाहावे.

पंपावर भेसळ ओळखण्यासाठी फिल्टर पेपरची चाचणी आणि पेट्रोल पुरेपूर मिळते का, हे पाहण्यासाठी पाच लिटरचे माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पण फिल्टर पेपर भूमिगत टाकीतले पाणी दाखवत नाही. ते पाणी दाखवणारी पेस्ट डिप रॉडला (टाकीत बुडवायच्या मोजपट्टीला) लावून तपासता येते. निदान पावसाळ्याचे चार महिने या तपासणीचा रोजचा निकाल आणि इथेनॉलचे प्रमाण प्रत्येक पंपावर मराठी फलकावर लिहिणे जिल्हा प्रशासनाने बंधनकारक करावे आणि आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातपूर, नाशिक