सूचना : १९ जुलै, नारळीकर सरांची जयंती

सर्व सभासदांना नमस्कार,

रविवार, १९ जुलै रोजी डॉ. जयंत नारळीकर यांची जयंती. त्यांच्या कथांवर आपण भरपूर बोललो आहोत, या वेळी फक्त ‘मार्गदर्शक नारळीकर’.

१९७२मध्ये केंब्रिजहून परतून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. अजित केंभावी आणि थाणू पद्मनाभन या दोघांनी तिथे त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केली. सर स्थिर स्थिती सिद्धान्ताच्या (विश्वाला सुरुवात नाही, ते एकूणात कायम तसेच असते, या मताच्या) बाजूने आयुष्यभर उभे राहिले, पण पद्मनाभन यांनी गुरुत्वाकर्षण आणि पुंज (क्वांटम) सिद्धान्तात स्वतःची वाट काढली. दोघांबरोबरही सरांनी पुढे पुस्तके लिहिली. मुखपृष्ठावर गुरू-शिष्यांची नावे शेजारी-शेजारी! मला तर हे फार मोठे वाटते. १९८८मध्ये पुण्यात सरांच्या पुढाकाराने आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली आणि गावोगावच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही दार उघडले.

वेळ : सायंकाळी ५.३० ते ७.३०
स्थळ : वाचनालयाचे वरचे सभागृह

- पीएच.डी. केलेल्या किंवा करत असलेल्या सभासदांनी आपल्या गाइडबद्दल पाच मिनिटे बोलावे. एखादा नेमका प्रसंग सांगा, नुसती विशेषणे नकोत. नावे गुरुवारपर्यंत सचिवांकडे द्या.
- प्रत्येकाने एक कोरे पोस्टकार्ड आणावे. सर मुलांच्या प्रश्नांना पोस्टकार्डावर उत्तरे देत. आपण आपल्या शिक्षकांना दोन ओळी लिहू. पत्ता पिनकोडसह आणा, मागच्या वेळी चार कार्डे त्यामुळेच राहून गेली.
- हार, शाल, श्रीफळ काही आणू नये.

चहा सव्वापाचला.