टाकीवरची पांढरी पट्टी

काका, सप्रेम नमस्कार.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, कारण तुम्ही केलेल्या स्टिअरिंगच्या दुरुस्तीची आधी खात्री करून घ्यायची होती. गाडी रोज चालली, दोनदा हिंदमाताच्या पाण्यातून गेली, स्टिअरिंग एकदाही कण्हलं नाही. स्टिअरिंगच्या टाकीतलं तेल खुणेवर होतं तिथेच आहे आणि त्यात फेस नाही. आता लिहायला हरकत नाही.

तुमचं नाव आणि गाळ्याचा पत्ता मुद्दाम घातलेला नाही. लालबागच्या त्या गल्लीत दोन गाड्या लागल्या की तिसरीला जागा उरत नाही, आणि नाव छापून आलेलं तुम्हाला रुचणार नाही हेही ठाऊक आहे. तरी पत्र उघडं लिहितोय. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने हलकं होणाऱ्या, स्टिअरिंगच्या जुन्या गाड्या मुंबईत अजून पुष्कळ आहेत, आणि ‘रॅक गेली’ (रॅक म्हणजे पुढची चाकं वळवणारा दांडा) हे दोन शब्द ऐकून मुकाट्याने चेक फाडणारे मालकही.

आमच्या गाडीलाही तेच ऐकवलं गेलं. 2004 सालची गाडी. पार्किंगमध्ये वळवताना स्टिअरिंग जड, शेवटपर्यंत फिरवलं की घूंऽऽ असा आवाज, आणि टाकीत कटिंगवर येतो तसा फेस. पहिल्या ठिकाणी, एसी लावलेल्या काचेच्या दालनात, स्कॅनर जोडला, ‘एरर दिसत नाही’ म्हणाले आणि त्याचे पैसे घेतले. अहो, या स्टिअरिंगला कॉम्प्युटर आहेच कुठे? पट्ट्यावर फिरणारा पंप, एक टाकी, तीन पाइप आणि रॅक, एवढा सगळा संसार. फार तर एखादा प्रेशर स्विच असतो, तोही स्टिअरिंगचा भार आला की इंजिनाचं आयडलिंग पडू नये एवढ्यासाठी. 1951 साली क्रायस्लरने इम्पीरियल गाडीत ही सोय विकायला आणली, तेव्हापासून मूळ युक्ती फारशी बदललेली नाही. दुसऱ्या ठिकाणी गाडी वर न उचलताच रॅकचा 34 हजारांचा आकडा कागदावर आला. तिसऱ्याने तर कमालच केली. टाकी कमी दिसली म्हणून ट्रॉली जॅकमध्ये घालतात तसलं जाड तेल ओतलं आणि वर ‘गाडी जुनी झाली, आवाज येणारच’ असं सांगून बोळवण केली.

तुम्ही मात्र आधी कान लावलात. ‘पट्टा किंचाळतो, पंप कण्हतो,’ एवढंच म्हणालात, आणि निम्मं काम तिथेच झालं. पावसात भिजलेला किंवा गुळगुळीत झालेला पट्टा घसरला की तीक्ष्ण किंकाळी येते, आणि ती मधूनमधून येते. पंपाचा आवाज खर्जातला, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारा. तरी पट्टा तुम्ही तपासलातच. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबला, साधारण 10 मिलिमीटर खाली गेला, म्हणजे ताण ठीक होता.

मग तुम्ही जे केलंत ते त्या तिघांपैकी कोणालाही करता आलं असतं, आणि त्याला एक पैसाही लागत नव्हता. इंजिन चालू असताना टाकीवर पेनाने तेलाची रेघ मारली आणि इंजिन बंद केलं. तेल रेघेच्या चांगलं बोटभर वर चढलं. हा फरक 5 मिलिमीटरच्या पुढे गेला तर तेलात हवा आहे. चालू इंजिनात दाबाखाली ती हवा आक्रसलेली असते, दाब उतरला की फुगते आणि तेलाला वर ढकलते. म्हणजे शोधायचं होतं ते गळणारं तेल नव्हतं, आत शिरणारी हवा होती. दिशाच उलटी झाली.

रॅकचा निकालही तुम्ही समोर लावलात. पुढची चाकं उचलून दोन्ही बाजूंच्या रबरी बुटांची आतली क्लिप काढली, बूट मागे सारला आणि आत पांढरं फडकं फिरवलं. रॅकच्या टोकाचे सील फुटले असते तर तेल त्या बुटातच साठलं असतं. फडकं कोरडं निघालं, नुसती धूळ. वरचं पिनियनचं, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा रॅकला मिळतो तिथलं, सीलही कोरडं. ‘रॅक बरी आहे, तिला हात लावायचा नाही,’ हे तुमचं वाक्य 34 हजारांचं होतं.

चोर निघाला टाकीतून पंपाकडे जाणारा पाइप, वीतभर लांबीचा. ‘खाली थेंब पडत नाही, म्हणजे पाइप चांगले’ हा त्या तिघांचा हिशेब, आणि नेमका तोच खोटा. या पाइपातून पंप तेल ओढतो, त्यामुळे चालू इंजिनात आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. चीर पडली तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिन बंद असताना थोडं पाझरतं, तेही पाइपाच्या अंगावरच धूळ धरून बसतं. वीस वर्षं इंजिनाच्या धगीत राहून रबर लाकडासारखं झालं होतं आणि क्लिपखाली तडकलं होतं. तुम्ही इंजिन चालू ठेवून त्या सांध्यावर बोटाने ग्रीसचा लपका थापलात आणि आवाज तिथल्या तिथे निम्म्यावर आला. इतका साधा पुरावा! तिसऱ्याच्या जाड तेलाने दुखणं वाढवलंच होतं. जाड तेल ओढायला पंपाला जास्त जोर लागतो, आणि तेवढीच जास्त हवा त्या चिरेतून आत येते. शिवाय पार्किंगमध्ये, जिथे मदत सगळ्यात जास्त हवी, तिथेच इंजिन आयडलवर आणि पंप सगळ्यात हळू. गाडी हायवेवर ठणठणीत आणि चाळीच्या आवारात आजारी का, ते असं.

दुरुस्तीचं मी फार लांबवत नाही. पण पाइप घेताना तुम्ही नागदेवीच्या दुकानदाराला जे फोनवर बजावलंत ते इतरांच्या उपयोगाचं आहे. आतला व्यास 16 मिलिमीटर, म्हणजे जुना होता तेवढाच, आणि तेलाला टिकणारं नायट्राइल रबर. रेडिएटरचा पाण्याचा पाइप बसवून देणारे महाभाग आहेत. तो पाण्याला उत्तम, पण तेलात महिन्या-दोन महिन्यांत फुगून मऊ पडतो आणि ओढ लागली की आतल्या आत चपटा होतो. वळण सैल ठेवलंत, पाइप मोडू दिला नाही. क्लिप रबर जेमतेम उठेल एवढीच आवळलीत, कारण जास्त आवळलेली क्लिप नवा पाइपही कापते. पंपाच्या तोंडाशी असलेली रबरी कडी, ओ-रिंगही त्याच वेळी बदललीत. टाकीच्या तळाची बारीक जाळी काळ्या गाळाने बुजली होती. ती रॉकेलने धुऊन उलट बाजूने हवा मारलीत. नवा पाइप घालून जाळी तशीच ठेवली असती तर पंप पुन्हा उपाशीच राहिला असता.

जुनं तेल काढताना इंजिन चालू करण्याची घाई तुम्ही केली नाहीत. परतीचा पाइप टाकीवरून सोडवून बाटलीत घातला, टाकीचं ते तोंड बुचाने बंद केलं आणि चाकं अधांतरी ठेवून हातानेच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलात. वरून लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, ओतत, टाकी एकदाही रिकामी पडू न देता. तीन लिटर गेलं तेव्हा कुठे खालून स्वच्छ लाल यायला लागलं. मग पाइप जोडून बंद इंजिनावर पुन्हा वीस-एक फेऱ्या. इंजिन चालू केल्यावर तुमच्या पोराने स्टिअरिंग एका टोकाला दाबून धरलं तेव्हा तुम्ही ओरडलात ते बरोबरच होतं. पाच सेकंदांच्या वर धरलं की जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहतो, तेल बघता बघता तापतं आणि पंपाचं आयुष्य कमी होतं. बिल झालं 2,550 रुपये, तेलासकट.

पण काका, हे पत्र खरं म्हणजे त्या बिलानंतरच्या दोन मिनिटांसाठी आहे.

पैसे घेऊन झाले होते, बॉनेट पडायचं बाकी होतं. तुम्ही म्हणालात, थांबा. टाकीचं झाकण आणि कड फडक्याने कोरडी केली, पांढऱ्या टेपचा तुकडा दातांनी तोडला, टाकीच्या अंगावर नखाने घासून बसवला आणि मार्करने लिहिलंत: ‘लाल एटीएफ. दुसरं काही नको.’ खाली तारीख आणि किलोमीटर. मग जरा विचार करून तिसरी ओळ, हिंदीत: ‘सिर्फ लाल तेल’. कशाला, असं विचारलं तर म्हणालात, ‘उद्या पेट्रोल पंपावरचा एखादा पोरगा टॉप-अप करील, त्याला काय ठाऊक? झाकणावरची अक्षरं तर कधीच उडालीत.’

त्या पोराला तुम्ही कधी बघणार नाही. गाडी पुन्हा तुमच्याकडेच येईल याची खात्री नाही, उलट काम नीट झालं म्हणजे ती येणार नाही. त्या पोराने चुकून ब्रेक ऑईल ओतलं असतं तर सगळे सील फुगून रॅक खरोखरच गेली असती, आणि दोष तुमच्याकडे कधीच आला नसता. तरीही तुम्ही पट्टी लावलीत.

या शहरात अशी माणसं सापडतात, फक्त ती बहुतेक काचेच्या दालनात नसतात. चाळीच्या मीटर बोर्डावर कुठला फ्यूज कोणाच्या खोलीचा ते पेन्सिलीने लिहून गेलेला वायरमन, गच्चीवरच्या टाकीच्या कॉकला कुठला कोणत्या मजल्याचा याची चिठ्ठी तारेने बांधून ठेवणारा प्लंबर, त्यातलेच तुम्ही. आपल्यानंतर येणारा हात आंधळा चाचपडू नये, एवढीच त्यांची काळजी. स्कॅनरचे पैसे घेणाऱ्याने आमच्या हातात छापील रिपोर्ट दिला होता, चार पानांचा, रंगीत. त्यात स्टिअरिंगबद्दल एक ओळ नव्हती.

कापून दाखवलेला तो जुना पाइप मी टाकलेला नाही. डिकीत आहे. पुढच्या वेळी कोणी ‘रॅक गेली’ म्हणाला की आधी तोच काढून दाखवणार आहे.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी गाळ्यावर आणतो. तेवढा मार्कर जवळ ठेवा. पट्टीची मधली ओळ हाताच्या तेलाने पुसट होत चालली आहे, आणि ती मी गिरवलेली मला चालणार नाही.

आपला,
लाल तेलवाल्या गाडीचा मालक