प्रवाळ-मत्स्यालयातील नकोसा मासा आणि जाळीची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती समुद्री मत्स्यालयांविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून बरेच लेखन येते. पाण्याची क्षारता किती असावी, प्रकाश किती द्यावा, नवख्याने कोणते प्रवाळ घ्यावेत, हे सारे त्यात असते. परंतु खडकांच्या रचनेत एकदा स्थिरावलेला मासा पुन्हा बाहेर कसा काढायचा, याविषयी त्यात सहसा अवाक्षरही नसते. हा प्रसंग मात्र पुष्कळ छंदिष्टांवर येतो आणि तेव्हा केल्या जाणाऱ्या धावपळीत माशाचे, प्रवाळांचे आणि क्वचित घरातल्या माणसांचेही नुकसान होते, म्हणून हे पत्र.

मासा काढावा लागतो तो बहुधा त्याच्या स्वभावामुळे. डॉमिनो डॅमसेल पिल्लू असताना काळ्या अंगावरच्या तीन पांढऱ्या ठिपक्यांमुळे फार मोहक दिसतो. वाढला की ठिपके फिके होतात आणि सारी टाकी आपलीच असल्यासारखा तो इतरांवर धावून जाऊ लागतो. डॉटीबॅक आणि सिक्स-लाइन रॅस हेही नव्याने आलेल्या माशांना सुखाने जगू देतीलच असे नाही. दुसरे कारण रोगाचे. ‘मरीन इक’ या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण तेच तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांना मारक असल्याने उपचार वेगळ्या टाकीतच करावे लागतात. शिवाय मूळ टाकी काही आठवडे पूर्णपणे मासेविरहित ठेवली तरच परजीवीची साखळी तुटते. एक जरी मासा कपारीत मागे राहिला तरी बाकीचे सारे श्रम वाया जातात.

अशा वेळी पहिला हात जातो तो जाळीकडे, आणि माझ्या मते तीच सर्वांत वाईट सुरुवात होय. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपते, त्यामुळे जाळी पुढे ढकलत असलेले पाणी त्याला तिच्या आधीच सावध करते. खडकातील प्रत्येक भोक त्याच्या ओळखीचे असते. ट्रिगरफिश तर कपारीत शिरून पाठीवरचा पहिला काटा ताठ उभा करतो. मागचा लहान काटा खिळीसारखा त्याला अडकवून ठेवतो आणि मग त्याला ओढून काढणे म्हणजे केवळ जखमी करणे. टँगच्या शेपटीजवळचे धारदार काटे जाळीच्या विणीत गुंततात, ही आणखी एक अडचण.

याउलट सापळा संथ असला तरी खात्रीचा आहे. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी, तिला वर सरकणारे दार आणि त्या दाराला बांधलेला मासेमारीचा बारीक दोरा, एवढेच त्याचे साहित्य. पेटी टाकीत ठेवल्यावर काही दिवस दार उघडेच राहू द्यावे आणि खाद्य फक्त पेटीच्या आत, तेही मागच्या टोकाला द्यावे. पहिल्यांदा आत शिरतील ते धीट आणि निरुपद्रवी मासे. त्यांना खुशाल खाऊ द्यावे, कारण त्यांना निर्धास्त खाताना पाहूनच हवा असलेला मासा हळूहळू धीर करतो. खाद्य वाहून जाऊ नये म्हणून तेवढ्यापुरते प्रवाहाचे पंप बंद ठेवावेत आणि दोरा लांब सोडून काचेपासून दूर बसावे. मासा पूर्ण आत जाऊन खाण्यात गुंतल्याशिवाय दार पाडू नये. एकदा निसटलेला मासा पेटीकडे पुन्हा लवकर फिरकत नाही, म्हणून अर्धवट संधी सोडून देण्यातच शहाणपण असते. सोबत दुसरे मासे अडकले तर त्यांना नंतर सोडता येते. पकडलेला मासा जाळीत न घेता पाण्यासकट भांड्यात उचलावा.

सापळ्याला न जुमानणारे मासेही असतात. ते रात्री कुठे झोपतात हे मंद लाल उजेडात पाहून ठेवता येते आणि खडक सुटा असेल तर माशासह बादलीत घेता येतो. मात्र हॅलिकोरिस जातीचे रॅस वाळूत पुरून झोपतात, त्यांच्यासाठी खडक हलवून काहीच उपयोग नाही. मोठ्या माशासाठी टोकाजवळचा उलटा काटा काढून टाकलेला लहान गळ वापरणारे लोक आहेत. हे ऐकायला क्रूर वाटते, परंतु ओठावरची छोटी जखम सहसा भरून येते, आणि तासभर जाळीने पिटाळण्यापेक्षा मला तो मार्ग सौम्य वाटतो.

सारी रचना उपसून काढणे हा अगदी शेवटचा उपाय. पाणी उपसण्यापूर्वी हीटर बंद करावा, नाहीतर तो उघडा पडून तापतो. याहून गंभीर बाब अशी की, पॅलिथोआ व झोअँथिड या गटांतील काही प्रवाळसदृश प्राण्यांमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. 1971 साली संशोधकांनी ते हवाईतील पॅलिथोआपासून वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. असे प्राणी चिकटलेले खडक घासल्याने, उकळल्याने किंवा त्यांवर गरम पाणी ओतल्याने उडालेल्या वाफेतून व तुषारांतून घरातील माणसांना विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. खडक हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, आणि असे खडक घरात कधीही उकळू नयेत.

पकडलेल्या माशाची पुढची सोय आधीच झालेली असावी: त्याच क्षारतेची आणि तापमानाची, झाकण असलेली टाकी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. तो समुद्रात सोडून देणे हा पर्याय मुळीच नव्हे. हिंद-प्रशांत महासागरातील लायनफिश 1985 साली फ्लोरिडाजवळ प्रथम आढळला. मत्स्यालयांतून सोडलेले मासे हेच त्याचे संभाव्य मूळ मानले जाते आणि आज तो कॅरिबियन समुद्रातील स्थानिक मासे फस्त करतो आहे. मत्स्यालयांवरील आपल्या पुढील लेखांत मासा निवडण्याच्या सल्ल्याबरोबरच तो काढण्याची पद्धत आणि पॅलिटॉक्सिनची सूचना यांनाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक